तीन शेळ्या, अकरा पाय

(दहावी १९८८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी शब्दांकन करताना थोडं आवरून घेतलं आहे.)



संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितलं, "प्राण्यांची गमतीची चित्रं." फोनवर पलीकडं थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग आवाज आला, "डॉक्टर, त्यापेक्षा लाळ्या-खुरकूतवर बोला की. लोकांच्या कामाला येईल." लाळ्या-खुरकूतवर मी वर्षभर बोलत असतो, आणि लोक वर्षभर ऐकत नसतात. तेव्हा आजचा एक दिवस त्या रोगालाही सुट्टी आणि तुम्हालाही.

ढोरांच्या डॉक्टरनं चित्रांवर का बोलावं, हा प्रश्न रास्त आहे. परभणीला पशुवैद्यकीचं शिक्षण घेतलं, तेव्हापासून आजवर मी जनावरांकडं बघण्याचंच काम करतो आहे. आमच्या धंद्यात रोगी बोलत नाही. बैल सांगत नाही की माझं पोट दुखतंय. त्याचा कान कसा आहे, मान कुठं वळते आहे, पाय कसा टाकतो आहे, यावरून ओळखायचं. म्हणजे न बोलता सांगितलेलं वाचायचं. ही विद्या मी परभणीला शिकलो असं प्रमाणपत्रावर लिहिलेलं आहे. पण तिची सुरुवात ह्याच पटांगणातल्या पहिलीच्या वर्गात झाली, आणि ती गणिताच्या तासाला झाली. तेवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी एका चित्रकाराबद्दल सांगतो. शि. द. फडणीस. पूर्ण नाव शिवराम दत्तात्रेय फडणीस. २९ जुलै १९२५ चा जन्म, गाव भोज, जिल्हा बेळगाव. म्हणजे सीमाभागातलं गाव, जिथं लेकरू दोन भाषा ऐकतच मोठं होतं. शिक्षण कोल्हापूरला आणि पुढं मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत. शिकत असतानाच त्यांची व्यंगचित्रं मासिकांतून छापून यायला लागली. २९ जुलै २०२५ ला त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. तुमच्यापैकी निम्म्यांना हे नाव माहीत असेल, निम्म्यांना नसेल. पण त्यांची रेघ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. कुठं, ते पुढं येतंच.

'हंस', 'मोहिनी', 'नवल' ही मासिकं अनंत अंतरकर चालवत असत. १९५० चं दशक नुकतंच सुरू झालं होतं. तेव्हा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर बहुतेक करून एखादी देखणी बाई असायची. हातात निरांजन, नाहीतर केसात गजरा. विनोद असायचा तो आतल्या पानांवर, काळ्या शाईत, एका कोपऱ्यात. अंतरकरांच्या दिवाळी अंकासाठी फडणीसांनी रंगीत मुखपृष्ठच विनोदी केलं. त्या चित्रात एक तरुण आणि एक तरुणी आहेत. एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी आहे, दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची. बस्स. खाली एक शब्द नाही.

आता बघा, त्या चित्रात खरं मांजर नाही आणि खरा उंदीरही नाही. आहे ते कापडावरचं छापकाम. तरी बघणाऱ्याच्या मनात पळापळ सुरू होते. दोन माणसं आपली सरळ उभी आहेत, आणि त्यांच्या अंगावरच्या कपड्यांचं एकमेकांशी जन्माचं वैर आहे! हे चित्र शब्दांत सांगायला मला आत्ता चार-पाच वाक्यं लागली. बघणाऱ्याला एक क्षण पुरतो. त्यात कुणाची फजिती नाही. कुणाच्या नाकावर, जाडीवर, जातीवर, गरिबीवर बोट नाही. पुढं आयुष्यभर फडणीसांनी अशीच मुकी चित्रं काढली. 'हसरी गॅलरी' या नावानं त्यांचं प्रदर्शन गाजलं. मजकूर नसल्यामुळं ती चित्रं मराठी न येणाऱ्या माणसालाही तेवढीच कळायची.

हे मुखपृष्ठ छापलं गेलं तेव्हा आपला भाग महाराष्ट्रात नव्हता. आपण हैदराबाद राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, तोवर आपल्याकडं वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून होतं. आपल्या वडिलांच्या पिढीतले कित्येक जण घरी मराठी बोलायचे आणि शाळेत हिशोब उर्दूत करायचे. म्हणजे शाळेची भाषा आणि चुलीपुढची भाषा वेगळी असणं, हे आपल्या भागाला नवीन नाही. भाषा बदलली, पण पहिल्या दिवशी वर्गात येऊन गप्प बसणारं लेकरू बदललं नाही. ते कुठल्या तरी बाकावर होतंच. आजही आहे.

आता आपल्या वर्गाकडं येतो. जून १९७८. प्राथमिक शाळा आणि प्रशाला एकाच पटांगणात, मध्ये ते लिंबाचं झाड. आपण तिसरी पास झालो त्या उन्हाळ्यात, १ मे १९८१ ला, जालना जिल्हा झाला. म्हणजे आपण भरती झालो ते औरंगाबाद जिल्ह्यात. अंबड तालुका तोच, वर्ग तोच, गळणारे पत्रेही तेच. वर्गात कोण होतं ते आठवा. गावातली मराठी बोलणारी लेकरं. मोमीनपुऱ्यातली पाच-सहा, घरी दखनी बोलणारी. दोन मारवाड्यांच्या दुकानातली. आणि तांड्यावरून चालत येणारी आठ-नऊ, ज्यांच्या घरी फक्त गोरमाटी. बाईंनी "तुझं नाव सांग" म्हटलं तर नाव सांगता यायचं. "काल काय केलंस, सांग" म्हटलं की निम्मा वर्ग खाली बघायचा. उत्तर माहीत असायचं, पण ते शाळेच्या मराठीत सांगायचं कसं, हा घोर असायचा.

आणि त्याच वर्गात प्राणी भरपूर होते, फक्त ते शिव्यांमध्ये होते. गाढवा, पाढा म्हण. अरे बैला, फळ्याकडं बघ. म्हशीसारखी बसू नकोस. माकडांनो, रांग धरा. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. त्या काळची ती बोलायची रीत होती, आणि घरी याहून गोड काही मिळत नव्हतं. पण ढोरांमध्ये वाढलेल्या लेकराला यातलं एक कोडं सुटायचं नाही. घरी बैल म्हणजे घरातला मोठा माणूस. पोळ्याला त्याचे पाय धुतात, त्याला पुरणाची पोळी देतात, आई त्याला ओवाळते. आणि शाळेत बैल म्हणजे मूर्ख! आमच्या आखाड्यावरचा बैल अंधाऱ्या रात्री झोपलेल्या गाडीवानाला न सांगता घरी आणायचा. त्याला मूर्ख म्हणावं असं त्यानं आमच्या देखत कधी काही केलं नाही.

त्या वर्गात गणिताचं पुस्तक आलं. बालभारती, म्हणजे आपलं पाठ्यपुस्तक मंडळ, २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात स्थापन झालं. बालभारतीच्या प्राथमिक वर्गांच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली ती फडणीसांनी. ज्या माणसाची चित्रं मोठी माणसं दिवाळीत पैसे देऊन बघायची, त्याची रेघ सरकारी पुस्तकातून आपल्या दप्तरात आली. गणित म्हणजे आकड्यांचं भ्या, ही समजूत तेव्हाही होती, आताही आहे. त्या पुस्तकांनी काय केलं, तर आकड्याच्या शेजारी गंमत आणून बसवली. लेकरू आधी हसायचं आणि मग मोजायचं. हसताना माणूस घाबरू शकत नाही, हे ज्यानं कुणी मंडळात बसून ओळखलं असेल त्याला माझा दंडवत.

पण पुस्तक नुसतं येऊन भागत नाही. ते उघडणारं कुणीतरी लागतं. आपल्या पहिलीच्या बाई समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही काल फोनवर मला म्हणालात, "माझं नाव घेऊन उगाच काही मोठं करू नकोस." नाव घेत नाही. पण जे केलंत ते सांगणार.

बाईंची एक पद्धत होती. चित्र आलं की आधी कुणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मग त्या विचारायच्या, "यात काय चुकलंय?" पुस्तकातली चित्रं संपली की त्या स्वतः फळ्यावर काढायच्या. बाईंचा हात काही चित्रकाराचा नव्हता. त्यांची शेळी आणि त्यांचं कुत्रं यांत फरक एवढाच, की शेळीला दाढी असायची. एक दिवस त्यांनी तीन शेळ्या काढल्या आणि खाली विचारलं, "पाय किती?" आपण सगळे बोटं पुढं करून मोजायला लागलो. अकरा. पुन्हा मोजले. अकराच. एक म्हणाला, "बाई, तुमचा एक पाय राहिला." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "राहिला नाही. आहे. शोधा."

तांड्यावरचा एक मुलगा शेवटच्या ओळीत बसायचा. तुम्ही त्याला ओळखता. तो आज इथं आहे, आणि त्यानंही नाव घेऊ नको म्हणून दम दिला आहे. जूनपासून दिवाळीपर्यंत हा मुलगा वर्गात एक अक्षर बोलला नव्हता. तो उठला, फळ्यापाशी गेला, बाईंच्या हातातून खडू घेतला. तिसऱ्या शेळीच्या मागच्या बाजूला जिथं पाय नव्हता, तिथून त्यानं एक वाकडी रेघ काढली, ती पोटाच्या कडेनं वर नेली आणि थेट कानापाशी थांबवली. वर दोन छोटे खूर काढले. शेळी मागच्या पायानं कान खाजवत होती!

वर्गात जो काही हशा पिकला, तो शेजारच्या दुसरीच्या वर्गातून गुरुजी बघायला यावेत एवढा. आणि तो हशा त्या मुलावर नव्हता. बाईंवर नव्हता. शेळीवरसुद्धा नव्हता. ज्यानं ज्यानं शेळी राखली होती त्याला ते चित्र पटलं होतं म्हणून तो हसत होता. दखनी बोलणारे हसले, मारवाड्यांच्या मुली हसल्या. भाषांतर करावं लागलं नाही. बाईंनी फळ्यावर लिहिलं, "बारा वजा अकरा बरोबर एक." वजाबाकी आपल्या वर्गाला त्या दिवशी कळली. आणि त्या मुलाला हे कळलं, की ह्या खोलीत आपल्याला माहीत असलेली गोष्टही चालते.

आता पशुवैद्य म्हणून सांगतो, त्या रेघेत काय होतं. शेळी खरोखरच मागच्या पायाच्या खुरानं कान आणि मान खाजवते. तसं करताना ती मान कडेला वाकवते आणि उरलेल्या तीन पायांवर तोल सांभाळते. सहा वर्षांच्या पोरानं हे आधी कुठंतरी टक लावून पाहिलं होतं, म्हणून त्याला ते काढता आलं. गमतीचं चित्र काढायला आधी खरं जनावर पाठ असावं लागतं. मला यातलं गमक हेच वाटतं.

एक साधं उदाहरण देतो. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा बालपुस्तकांत हसणारी गाय असते, आणि तिचे वरचे-खालचे पांढरे दात दिसत असतात. आपल्या भागातलं कुठलंही लेकरू सांगेल की गाईला वरच्या जबड्यात समोर दातच नसतात. तिथं नुसती कडक हिरडी असते. म्हणून तर बाजारात जनावराचं वय बघताना आपण खालचा ओठ ओढतो आणि दोन दाती की चार दाती ते सांगतो. ते चित्र बघून आपलं लेकरू हसेल खरं, पण ते चित्रकाराला हसेल. दुसरं बघा. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते, मग पुढचे पाय सरळ करते. घोडा आधी पुढचे पाय रोवतो. एखाद्यानं घोड्यासारखी उठणारी गाय मुद्दाम काढली तर तो विनोद होईल. न बघता काढली तर ती नुसती चूक. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते आणि उजेडात मांजराची बाहुली उभी चीर होते. मांजराच्या तोंडावर शेळीचा डोळा बसवून बघा, अंगावर काटाही येईल आणि हसूही येईल.

हे काही माझंच म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये एडवर्ड लिअर नावाचा चित्रकार होऊन गेला. लहान मुलांसाठी वेड्यावाकड्या प्राण्यांची आणि माणसांची हसवणारी चित्रं काढण्यात त्याचं नाव जगभर झालं. ते पुस्तक आलं १८४६ मध्ये. पण त्याच्या आधी, १८३० च्या सुमारास, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून जिवंत पोपटांची चित्रं काढत होता. पोपटाची मापं घेऊन, पीस न् पीस बघून. पुढं एका उमरावाच्या खासगी प्राणिसंग्रहाची चित्रं काढायला तो गेला, आणि त्या वाड्यातल्या मुलांना रिझवता रिझवता गमतीची चित्रं निघू लागली. १८७३ मध्ये हाच लिअर मुंबई बंदरात उतरला आणि वर्षभराहून जास्त काळ हिंदुस्थानात चित्रं काढत हिंडला. सांगायचं ते एवढंच, की त्याचा वेडेपणा खऱ्या पोपटांच्या पायावर उभा होता.

आणि इतक्या लांब जायलाही नको. आपल्या अंबडला मत्स्योदरीच्या देवीची टेकडी आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवी मत्स्योदरी. लहानपणी एस.टी.च्या खिडकीतून आपण सगळ्यांनी तो मासा शोधला आहे. कुणाला शेपूट दिसायची, कुणाला डोकं, आणि भांडण व्हायचं. पोळ्याच्या आधी काळ्या मातीचे बैल करायचो, त्यातला एखादा वाळताना वाकडा व्हायचा आणि तोच सगळ्यांचा लाडका ठरायचा. धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाला निघतो, तो बघून आल्यावर गावात आठ दिवस प्रत्येक पोरगं शर्टाच्या बाहीची सोंड करून फिरायचं. बघण्याची आणि त्यातून गंमत काढण्याची परंपरा आपल्याकडं आहे. कमी आहे ती एकच गोष्ट. शाळा तिला अभ्यास म्हणत नाही.

त्या मुलाचं पुढं काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे, पण गुरुजनांपैकी काहींना नसेल. पहिलीत तो बोलायला लागला. दुसरी-तिसरीत त्याची पाटी वर्गभर फिरायची. पाटीवर चष्मा लावलेला बोकड, छत्री धरून चाललेली म्हैस, कोंबडीच्या मागं रांग धरलेली पिल्लं आणि रांगेच्या शेवटी चुकून आलेलं मांजराचं पिल्लू. पाटीवरचं चित्र संध्याकाळी पुसायचं असायचं, म्हणून त्यातलं आज काही शिल्लक नाही. दरवर्षी दसरा झाला की त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. सहावीपर्यंत तो आजीजवळ राहिला. सातवीची परीक्षा झाली आणि आजी गेली. पुढच्या हंगामात कोयत्याबरोबर तोही गेला. आपण आठवीत प्रशालेच्या नव्या इमारतीत बसलो, तेव्हा तो बैलगाडीच्या तळावर उसाची मोळी बांधत होता.

यात कुणा एकाचा दोष मी शोधत नाही. मी फक्त हिशोब मांडतो. तीन शेळ्यांचे अकरा पाय मोजून आम्ही थांबलो होतो, बारावा ज्यानं शोधला तो आमच्यात नव्हता. आम्ही दहावी झालो, कुणी मास्तर झालं, कुणी तलाठी, कुणी डॉक्टर. तो आज तांड्यावर चाळीस उस्मानाबादी शेळ्या सांभाळतो. त्यांना टोचायला मी जातो. शेळी आजारी असली की तो मला लक्षणं तोंडानं सांगत नाही. मातीत काडीनं काढून दाखवतो, कशी उभी राहते, मान कुठं टाकते. आणि मित्रांनो, बहुतेक वेळा माझं निदान त्या काडीच्या रेघेवरच होऊन गेलेलं असतं. पोटात कळ आलेली शेळी आणि पाय दुखावलेली शेळी यांच्या पाठीचा बाक वेगळा असतो. मला हे पुस्तकातून शिकायला वेळ लागला.

त्याची नात यंदा आपल्याच शाळेत पहिलीत आली आहे. म्हणून हे सगळं बोलणं.

गेल्या महिन्यात लसीकरणाला गावात आलो होतो, तेव्हा शाळेत डोकावलो. लेकरं हुशार आहेत. मोबाइलवर हत्ती कसा ओरडतो ते त्यांना माहीत आहे. जिराफ, पेंग्विन, डायनोसॉर, सगळे ओळखतात. पण पडद्यावरचा प्राणी स्वतःच हलतो, स्वतःच बोलतो आणि स्वतःच हसतो. लेकराला करायला काही उरतच नाही. मुक्या चित्रापुढं मात्र अर्धं काम त्यालाच करावं लागतं. पाय कुठं गेला हे त्यालाच शोधावं लागतं. आणि चित्रकलेचा तास कागदावर आहे, पण परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो. आपण मात्र गणित शिकलो ते चित्रातूनच.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या तुकडीनं जमवलेल्या निधीतून शाळेला कमान बांधून द्यायची असं ठरतं आहे. कमान चांगली दिसेल. त्यावर आपली नावं येतील, आणि मलाही माझं नाव तिथं आवडेल. माझी विनंती एवढीच आहे, की कमान दोन हात बुटकी करा आणि वाचलेल्या पैशातून पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी तीन गोष्टी करा.

पहिली, लेकराच्या उंचीचा फळा. आत्ताचा फळा मास्तरांच्या उंचीचा आहे. पहिलीतलं लेकरू हात वर करून उभं राहिलं तर खालच्या कडेला पोचतं. भिंतीच्या खालच्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवरून सुरू होणारा लांब फळा रंगवून घ्यायला असा किती खर्च येणार आहे?

दुसरी, चित्रांच्या पुस्तकांचं एक ठेंगणं कपाट. त्याला कुलूप नको. फडणीसांची मुकी चित्रं त्यात असावीत. 'किशोर' मासिकाचे अंक असावेत, बालभारतीनं १९७१ मध्ये सुरू केलेलं हे मासिक आजही निघतं. पुस्तक फाटलं तर फाटू द्या. कपाटात सुरक्षित राहिलेलं पुस्तक लेकराला काही शिकवत नाही.

तिसरी गोष्ट फुकट आहे. आठवड्यातून एकदा, शनिवारच्या अर्ध्या शाळेत, अर्धा तास. गावातल्या एखाद्या जनावराला लिंबाच्या झाडाखाली आणून उभं करायचं. शेळी आणा, गाढव आणा, कोंबडी आणा. लेकरांनी आधी नुसतं बघायचं. मग काढायचं. आणि मग त्यात एक गोष्ट मुद्दाम चुकवायची, आणि ती दुसऱ्यानं शोधायची. स्पर्धा नको, नंबर नको, बक्षीस नको. ज्या दिवशी नंबर येईल त्या दिवशी शेवटच्या ओळीतलं लेकरू पुन्हा खाली बघायला लागेल. लेकरांनी आपापल्या घरच्या बोलीत हसावं, एवढी एकच अट असू द्या. जनावर आणायची जबाबदारी माझी, आणि त्याची तपासणी करून, लस टोचूनच आणीन.

कुणी म्हणेल, यातून चित्रकार किती निघतील? निघतील किंवा निघणार नाहीत. ती आपली मागणीच नाही. आपल्या वर्गातून एकही चित्रकार निघाला नाही. पण पन्नास जणांचा वर्ग एका चित्रामुळं एकदा एकत्र हसला, आणि त्यानंतर आपल्यात कुणी मुका राहिला नाही. एक मुलगा सातवीपर्यंत टिकला, तो त्या पाटीमुळं. आजीनंतरही त्याला धरून ठेवणारं काही शाळेत असतं तर तो आणखी तीन वर्षं टिकला असता, असं मला वाटतं. त्याच्या नातीला ती तीन वर्षं मिळावीत. पुढची सगळी मिळावीत.

बाई, तुम्हाला एक विनंती. निधीची बैठक जेवणानंतर आहे. तुम्ही तिथं या, आणि ठराव वाचून झाला की मंडळींना तुमचा तो जुना प्रश्न विचारा, "यात काय चुकलंय?" तुम्ही विचारल्यावर नाही म्हणायची आमच्यापैकी कुणाची अजून हिंमत नाही.

जेवण तयार आहे, पुरणाचा वास इथपर्यंत आला आहे.